बाँडपटांतले चांगले-वाईट क्षण: कानाने लावलेला निकाल

तुमचा प्रश्न असा: जेम्स बाँडचे चार चाहते एकत्र आले की मालिकेतला सर्वांत चांगला क्षण कोणता आणि सर्वांत वाईट कोणता, यावर भांडण ठरलेलं. एकजण ‘गोल्डफिंगर’मधलं लेझरचं टेबल पुढे करतो, दुसरा ‘कसिनो रोयाल’. वाईटाच्या यादीत एकाची अदृश्य होणारी गाडी, तर दुसऱ्याचं मान वळवून बघणारं कबुतर. चित्रपटाच्या कामात असलेल्या माणसाने याचा निकाल कसा लावावा?

मी पंचवीस वर्षं ध्वनिसंकलन करतो आहे. मराठी-हिंदी चित्रपट, मालिका, मधूनमधून डबिंग. त्यामुळे माझा निकाल कानाचा आहे, आणि बाँडच्या बाबतीत तो डोळ्यांच्या निकालापेक्षा जास्त खरा ठरतो असं माझं ठाम मत आहे. निकाल आधीच सांगून टाकतो. सर्वोत्तम क्षण १९७७च्या ‘द स्पाय हू लव्हड मी’च्या सुरुवातीची कड्यावरून घेतलेली स्कीची उडी. सर्वांत वाईट क्षण १९७४च्या ‘द मॅन विथ द गोल्डन गन’मधली गाडीची उडी. दोन्ही रॉजर मूर बाँड होता त्या काळातले, दोन्ही खरोखर केलेले, दोन्ही जिवावर उदार होऊन केलेले. फरक फक्त तेव्हा आपल्या कानावर काय पडतं याचा आहे.

गाडीच्या उडीपासून सुरुवात करतो, कारण ती आठवली की मला आजही वाईट वाटतं. थायलंडमध्ये एका कालव्यावरचा पूल मधोमध तुटलेला आहे. बाँड शोरूममधून पळवलेली एएमसी हॉर्नेट घेऊन पलीकडे जाणार. रॅम्प असा पिळलेला की गाडी हवेत स्वतःच्या लांबीभोवती पूर्ण ३६० अंशांत गिरकी घेते आणि चारही चाकांवर उतरते. या उडीचं गणित अमेरिकेतल्या बफेलो इथल्या प्रयोगशाळेत संगणकावर मांडलेलं होतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ही केवढी मोठी गोष्ट होती याचा विचार करा. वजनाचा तोल साधावा म्हणून स्टिअरिंग आणि चालकाची जागा गाडीच्या मधोमध आणली होती. उडी एकाच टेकमध्ये पार पडली.

आणि त्यावर काय ऐकू येतं? शिट्टी. जत्रेत मिळते ना, दांडा आत-बाहेर केला की सूर सर्रकन चढतो आणि उतरतो, तसली. गाडी वर गेली की सूर वर, खाली आली की सूर खाली. एका माणसाने जीव धोक्यात घालून केलेलं काम त्या दोन सेकंदांत खेळण्यातल्या गाडीचं होऊन बसतं. संगीतकार जॉन बॅरी हा काही साधा माणूस नव्हे. बाँडचा आवाज म्हणून आपण जे ओळखतो त्यातला फार मोठा वाटा त्याचा. ती शिट्टी ही चूक होती हे त्याने स्वतः पुढे कबूल केलं.

हे मला इतकं का लागतं तेही सांगतो. मी नवीन असताना एका मराठी चित्रपटात साठीच्या एका नटाने स्वतः विहिरीत उडी मारली होती. डमी नाही, दोर नाही, एकच टेक. ध्वनी लावताना मी सहज बाकीचे सगळे ट्रॅक बंद करून फक्त चित्रीकरणाच्या जागचा आवाज ऐकला. उडीआधी त्याने घेतलेला श्वास, रहाटाची एक बारीक करकर, मग काहीच नाही, आणि मग पाणी. पाणी फुटल्याचा तो आवाज विहिरीच्या भिंतींवरून एकदा परत आला. माझ्या अंगावर काटा आला. निर्मात्यांनी मात्र तिथे ढोल हवा म्हणून हट्ट धरला आणि ढोल लागला. चित्रपटगृहात माझ्या मागच्या रांगेतले एक काका बायकोला म्हणाले, “हा तो नाहीच, डुप्लिकेट आहे.” डोळ्यांसमोर तोच माणूस उडी मारत होता आणि त्यांचा विश्वास बसत नव्हता. आवाजाने खरी गोष्ट खोटी होते, ती अशी.

आता १९७७ची उडी. चित्रपटात जागा ऑस्ट्रियातली म्हणून दाखवली आहे, पण उडी झाली कॅनडातल्या बॅफिन बेटावर, माउंट अॅसगार्डच्या सपाट माथ्यावरून. उडी मारणारा रिक सिल्व्हेस्टर, आणि ते चित्रीकरण करणाऱ्या तुकडीचा प्रमुख जॉन ग्लेन, ज्याने पुढे ऐंशीच्या दशकातले पाचही अधिकृत बाँडपट दिग्दर्शित केले. पाठलाग चालू असतो तेव्हा मार्व्हिन हॅमलिशचं ठेक्यावरचं, त्या काळच्या डिस्कोच्या वळणाचं संगीत जोरात असतं. बाँड कड्याच्या टोकावरून बाहेर पडतो आणि संगीत थांबतं. खाली काहीही नाही. माणूस पडतो आहे, पडतोच आहे, स्की पायातून सुटल्या, आणि कानाला फक्त वारा. आपण श्वास धरतो, कारण ‘आता काय वाटून घ्यायचं’ हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं. मग पॅराशूटची छत्री उघडते, तिच्यावर ब्रिटनचा झेंडा, आणि त्याच क्षणी बाँडची धून. नीट पाहिलंत तर छत्री उघडताना सुटलेली एक स्की तिला घासून जाते. ती अडकली असती तर काय झालं असतं हे सांगायला नको.

कामाची एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. चित्रपटातली शांतता म्हणजे ट्रॅक कोरा सोडणं नव्हे. कोरा ट्रॅक सोडला की थिएटरातल्या माणसाला वाटतं मशीन बिघडलं. तो मागे वळून प्रोजेक्टरच्या खिडकीकडे बघतो. शांतता ऐकू यावी लागते. कुठेतरी वारा, कुठेतरी खोलीची घूं, आणि त्याआधी भरपूर गोंगाट. हॅमलिशचा ठेका आधी तितका जोरात नसता तर ती शांतता इतकी खोल वाटली नसती. मिक्सिंगला आलेल्या प्रत्येक नव्या मुलाला मी हा प्रसंग दाखवतो.

याच कारणासाठी माझ्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर १९६३च्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मधली ओरिएंट एक्सप्रेसची मारामारी आहे. बाँड शॉन कॉनरी, मारेकरी रॉबर्ट शॉ, रेल्वेचा एक अरुंद डबा, आणि संगीत शून्य. दिवा फुटतो आणि डबा निळसर अंधारात जातो. त्यानंतर ऐकू येतात फक्त चाकं, लाकडी भिंतीवर आपटणारी अंगं, दमलेले श्वास. गाडी आपल्या लयीत चाललेली आहे, आत कोण मरतं याच्याशी तिला देणंघेणं नाही. संकलक पीटर हंटने हा प्रसंग ज्या वेगाने कापला, त्यावर पुढचे मारामारीचे कितीतरी प्रसंग पोसले गेले. आपल्याकडे ठोसा म्हटलं की लायब्ररीतून ढिशूम काढून चिकटवायची सवय. त्यापुढे हा प्रसंग एकदा डोळे मिटून ऐका; कोण वरचढ आहे ते श्वासांवरून कळतं.

‘गोल्डफिंगर’चं टेबल कुणाच्याही यादीत असणारच, आणि असावंच. बाँड सोन्याच्या टेबलावर बांधलेला, लेझरचा किरण पायांच्या मधून वर सरकतो आहे. टेबल खरं तर खालून एक माणूस गॅसच्या ज्योतीने कापत होता, किरण नंतर चित्रावर चढवला. पण चाहत्यांना पाठ असतो तो संवाद. मी बोलावं अशी अपेक्षा आहे का, असं बाँड विचारतो, आणि खलनायक गोल्डफिंगर जवळजवळ हसत सांगतो की नाही, तुम्ही मरावं अशी अपेक्षा आहे. तो आवाज ती भूमिका करणाऱ्या गर्ट फ्रोबेचा नाही. फ्रोबे जर्मन, त्याचं इंग्रजी पडद्यावर चालण्यासारखं नव्हतं, म्हणून आवाज दिला मायकेल कॉलिन्सने. १९६२च्या ‘डॉ. नो’मध्ये समुद्रातून बाहेर येणाऱ्या उर्सुला अँड्रेसचा बोलण्याचा आवाजही तिचा नाही, निकी व्हॅन डर झाइलचा आहे. डबिंगच्या काचेमागे बसणाऱ्यांना हे सांगताना माझा ऊर भरून येतो. साठ वर्षं लोक ज्याची नक्कल करतात, तो आवाज असलेल्या माणसाचं नाव त्यांच्यातल्या बहुतेकांनी ऐकलेलं नसतं. ‘गोल्डफिंगर’च्या ध्वनिपरिणामांसाठी नॉर्मन वॉन्स्टॉलला ऑस्कर मिळालं, एवढं तरी समाधान.

वाईट क्षणांकडे पुन्हा येतो. शिट्टी ही एकटी चूक नव्हती, त्या काळात तिची सवयच लागली. १९७९चा ‘मूनरेकर’ घ्या. व्हेनिसमध्ये बाँडची गोंडोला होडी जमिनीवर चढते आणि सेंट मार्क चौकातून फिरते. एक कबुतर ते बघून मान झटकतं, फिल्म पुढे-मागे चालवून केलेलं. लोक कबुतराला हसतात आणि तिथेच थांबतात. मला विचाराल तर कबुतर हे लक्षण आहे, आजार संगीतात आहे. चौकातल्या त्या फेरीला योहान स्ट्राउसची पोल्का. पोलादी दातांच्या जॉज या गुंडाला प्रेयसी भेटते तेव्हा चायकोव्हस्कीचं रोमिओ-ज्युलिएट. बाँड ब्राझीलमध्ये घोड्यावरून येतो तर एका प्रसिद्ध वेस्टर्नची धून. प्रयोगशाळेच्या दाराचा आकडा दाबला तर परग्रहवासीयांच्या एका गाजलेल्या चित्रपटातले पाच सूर. दर वेळी प्रेक्षक या गोष्टीतून उठून दुसऱ्या गोष्टीत जातो, आणि परत येताना थोडा कमी विश्वास घेऊन येतो. आणि याच चित्रपटाच्या सुरुवातीला बाँडला छत्रीशिवाय विमानातून ढकलून देतात, हवेत पडतापडता तो दुसऱ्याची छत्री हिसकावतो! आकाशातून पुन्हा पुन्हा खऱ्या उड्या मारून जमवलेला तो प्रसंग श्वास रोखायला लावतो. त्याचा शेवट? जॉजची छत्री उघडत नाही, तो पंख मारल्यासारखे हात हलवतो आणि सर्कशीच्या संगीतावर सर्कशीच्या तंबूवर पडतो.

‘अ व्ह्यू टु अ किल’ने १९८५मध्ये तेच केलं. बर्फावर बाँड गाडीच्या तुटलेल्या स्कीवर उभा राहून घसरत सुटतो, काम टॉम सिम्सचं, स्नोबोर्डिंगच्या आरंभीच्या दिग्गजांपैकी एक. त्यावर ‘कॅलिफोर्निया गर्ल्स’ गाण्याची नक्कल लावली. आणखी काय बोलणार.

‘ऑक्टोपसी’वर मात्र मला थांबायचं आहे, कारण तिथे आपला संबंध येतो. १९८३चा हा चित्रपट उदयपूरला चित्रित झाला: लेक पॅलेस, सज्जनगढचा महाल, पिछोला तलाव. कबीर बेदी खलनायकाचा उजवा हात, टेनिसपटू विजय अमृतराज बाँडचा साथीदार. यात माझ्या दृष्टीने मालिकेतला एक फार सुंदर क्षण आहे आणि एक फार हलका.

सुंदर आधी. बाँड होडीतून घाटावर उतरतो. गारुड्याच्या वेषात बसलेला अमृतराज पुंगीवर वाजवतो ती बाँडचीच धून. तीच ओळखीची खूण. अनेकांना हा पोरकटपणा वाटतो, मला नाही. कारण त्या धुनेचा जन्म. ती रचणारा माँटी नॉर्मन याने ‘डॉ. नो’च्या आधी व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ या कादंबरीवरच्या संगीतिकेसाठी एक गाणं केलं होतं. त्रिनिदादमधल्या भारतीय माणसाचं गाणं, स्वतःच्या अपशकुनी शिंकेबद्दल, चाल सतारीच्या अंगाची. संगीतिका बाजूला राहिली, चाल खणातून बाहेर आली, जॉन बॅरीने तिचं वाद्यवृंदाचं रूप बांधलं, व्हिक फ्लिकने ती गिटारवर छेडली, आणि बाँडची धून झाली. तिच्या श्रेयावरून वाद झाला तेव्हा नॉर्मनने २००१मध्ये लंडनला बदनामीचा खटला जिंकला. म्हणजे स्थलांतरित भारतीय माणसाच्या गाण्यातून निघालेली चाल एकवीस वर्षांनी उदयपूरच्या घाटावर पुंगीत वाजते. चित्रपट करणाऱ्यांच्या हे मनात असेल-नसेल, कानाला मात्र ती चाल घरी आल्यासारखी वाटते. शिवाय पुंगी त्या प्रसंगात खरोखर वाजते आहे, बाहेरून चिकटवलेली नाही. शिट्टीत आणि पुंगीत हाच फरक.

हलका क्षण त्याच शहरातला. जुगारात जिंकलेल्या नोटा आपल्या भारतीय सहकाऱ्याच्या हातात देताना बाँड म्हणतो की यात तुझी काही आठवड्यांच्या करीची सोय होईल. रिक्षाच्या पाठलागात खिळ्यांची शय्या, निखाऱ्यांवर चालणारा, तलवार गिळणारा, सगळं एकाच गल्लीत भरलं आहे. अमृतराज रॅकेट फिरवतो तशा गर्दीच्या माना टेनिसच्या सामन्यासारख्या डावी-उजवीकडे वळतात आणि वर चेंडूचा टप-टप आवाज. पुढे जंगलात वेलीला लोंबकळताना टारझनची आरोळी. आरोळी मी माफ करू शकतो, ती नुसती फसलेली गंमत आहे. करीचं वाक्य नाही. आपल्या मित्राला कुणी असं बोलत नाही.

आपल्याकडचा आणखी एक प्रसंग लोक विचारतात: २०१५ साली ‘स्पेक्टर’मधली चुंबनं सेन्सॉर बोर्डाने निम्म्यावर आणली आणि ‘संस्कारी बाँड’च्या विनोदांचा पूर आला. तो चित्रपटाचा दोष नाही, म्हणून माझ्या यादीत नाही. पण दृश्य मध्येच कापलं की खालचं संगीतही तुटतं, आणि ते सांधताना कुणाला तरी रात्र जागवावी लागते. ‘स्पेक्टर’चा स्वतःचा दोष वेगळा आहे. खलनायक ब्लोफेल्डला बाँडचा लहानपणीचा सावत्र भावासारखा सोबती करून टाकणं. एवढं मोठं जग, आणि सगळं भाऊबंदकीवर आणून ठेवलं.

अदृश्य गाडीबद्दल थोडक्यात. २००२च्या ‘डाय अनदर डे’ची ती गाडी मला सहन होते, त्यातली संगणकावर बनवलेली लाट आणि तिच्यावरून घसरणारा बाँड होत नाही. अॅसगार्डचा कडा ज्या मालिकेने दाखवला तिनेच हे दाखवावं! खऱ्या वजनाचा आवाज खऱ्या वजनातूनच येतो. त्या लाटेला कितीही पाणी ओतलं तरी ती पाण्यासारखी वाजत नाही.

डॅनिअल क्रेगच्या काळाने यातलं बरंचसं धुऊन काढलं. ‘कसिनो रोयाल’मध्ये संगीतकार डेव्हिड अर्नोल्डने बाँडची धून जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर अडवून धरली आहे. तिचे तुकडे ऐकू येतात, सावली येते, पूर्ण धून येत नाही. शेवटी तळ्याकाठच्या बंगल्यासमोर खलनायकांच्या टोळीतल्या मिस्टर व्हाइटच्या पायात गोळी लागते, तो सरपटतो, बाँड समोर येऊन स्वतःचं नाव सांगतो, आणि तेव्हा धून अखेर पूर्ण वाजते. दोन तासांहून जास्त थांबवलेली गोष्ट. माझ्या यादीत तिसरा क्रमांक याचा. त्याच चित्रपटात पोकरच्या टेबलाशी बाँडचा साथीदार मॅथिस नायिका व्हेस्परला खेळ समजावून सांगत राहतो ते खटकतं. प्रेक्षकाला कळणार नाही या भीतीने लिहिलेली वाक्यं लगेच ओळखू येतात.

‘क्वांटम ऑफ सोलेस’ला लोक झोडपतात. सुरुवातीचा पाठलाग इतका बारीक चिरलाय की कोण कुठे आहे तेच कळत नाही, हे खरं. पण ब्रेगेंझच्या ऑपेराचा प्रसंग पुन्हा बघा. गोळीबार सुरू होतो आणि गोळ्यांचा आवाजच नाहीसा होतो, उरतं फक्त ‘टोस्का’. एवढ्या एका निर्णयासाठी मी त्या चित्रपटाला बरंच माफ करतो. ‘स्कायफॉल’मध्ये खलनायक सिल्व्हा लिफ्टमधून उतरून उंदरांची गोष्ट सांगत लांबून चालत येतो, एकाच टेकमध्ये, आणि रिकाम्या दालनात त्याचा आवाज जवळ येत येत बदलतो. तो आवाज कुठल्या अंतरावर किती कोरडा, किती घुमणारा, हे ऐकलंत तर त्या चित्रपटाला ध्वनिसंकलनाचं ऑस्कर का मिळालं ते समजेल, मग ते दुसऱ्या चित्रपटाबरोबर विभागून का असेना.

आता तो क्षण, जो माझ्या दोन्ही याद्यांत आहे. १९६९चा ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’. पीटर हंट, तोच ट्रेनवाला, आता दिग्दर्शक. बाँड जॉर्ज लेझनबी, त्याची बायको ट्रेसी डायना रिग. लग्नानंतर काही वेळातच रस्त्याच्या कडेला ट्रेसीला गोळी लागते. तिचं डोकं मांडीवर घेऊन बाँड पोलिसाला सांगतो की ती जरा विश्रांती घेते आहे, घाई नाही, आमच्याकडे जगभरचा वेळ आहे. पहिल्या टेकमध्ये आपल्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हंटने तो पुन्हा करवून घेतला, असं लेझनबीने सांगितलेलं आहे. रडू न दाखवल्यामुळेच तो क्षण आपल्या वाट्याला येतो. चित्र काचेतल्या गोळीच्या भोकावर थांबतं. आणि त्यावर, नावं सुरू होताच, बाँडची धून दणदणीत आदळते! ज्याची बायको आत्ता गेली त्याच्या दारात बँड वाजवावा तसं. इतक्या वर्षांत तो शेवट मी कितीदा पाहिला असेल, दर वेळी हात आवाज कमी करायला जातो.

२०२१मध्ये ‘नो टाइम टु डाय’ आला. सुरुवातीला इटलीतल्या मटेराच्या रस्त्यावर बाँड तेच वाक्य बोलतो आणि संगीतकार हान्स झिमर १९६९च्या चित्रपटातल्या, त्याच वाक्यावरच्या जुन्या गाण्याचे सूर हळूच खाली सरकवतो. जाणकाराला तिथेच कळतं की आता हे दुःखात संपणार. बाँड मरतो. त्याची प्रेयसी मॅडलिन त्यांच्या मुलीला घेऊन गाडी चालवते, एका माणसाची गोष्ट सांगते असं म्हणते, त्याचं नाव सांगते. आणि मग लुई आर्मस्ट्राँगचा तो घोगरा, थकलेला, मायाळू आवाज लागतो, १९६९चाच. मध्ये कुणी धून घुसवत नाही. मी ज्या खेळाला होतो तिथे दिवे लागले होते, झाडणारी मुलं दारात येऊन उभी होती. पुढच्या रांगेतले एक आजोबा मास्क हनुवटीवर ओढून बसून राहिले होते. गाणं पूर्ण संपेपर्यंत ते उठले नाहीत. मीही नाही.